वास केव्हा येतो?

मे महिन्याच्या अखेरीस गोव्याहून बहिणीकडे बेळगावला निघाले होते. चोर्ला घाट चढून कणकुंबीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली, इंजिन बंद केले, दार उघडून खाली पाय ठेवला, आणि तेवढ्यात स्टोव्हशी उभा असलेला टपरीवाला पातेल्यावरची नजर न हलवता म्हणाला, "ताई, गाडीचं ऑइल जळतंय कुठंतरी." मला तोवर काहीही जाणवले नव्हते. बॉनेटच्या फटीशी वाकले तेव्हा तो वास आला: कडवट, जड, घशाच्या मागच्या बाजूला चिकटून राहणारा. घाटात एका ट्रकच्या मागे बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडावे लागले होते, तेव्हा क्लच तापला असेल, असे मी म्हणाले. त्याने मान हलवली. "क्लचचा वास दिवसभर घेतो मी इथं. खालून चढून आलेली प्रत्येक दुसरी गाडी तोच घेऊन येते. हा तेलाचा आहे." एवढे सांगून त्याने आले ठेचायला घेतले आणि त्याच्यापुरता विषय संपला.

माझ्यापुरता तो संपला नाही. रॉकेलचा स्टोव्ह, उकळता चहा, तळणीचे तेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचा धूर यांच्या मधोमध दिवस काढणाऱ्या माणसाला जे क्षणात कळले, ते रोज त्या गाडीत बसणाऱ्या मला कळू नये, याचे मला पुढे जांबोटीपर्यंत नवल वाटत राहिले. नाकाचा स्वभावच तसा आहे. एखादा वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे थांबवते, आणि म्हणून घराचा वास घरच्यांना कधी येत नाही, पाहुण्यांना येतो. त्यात भर म्हणजे त्या दिवसांत सत्तरी तालुक्यात काजूच्या दारूच्या भट्ट्या अजून पूर्ण थंडावल्या नव्हत्या. केरीपर्यंत खिडकीच्या काचा खाली होत्या आणि आंबलेल्या बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, तो गोड, उग्र दर्प लाकडाच्या धुराबरोबर आत येत होता. त्या दर्पाच्या आड तेलाचा वास लपून बसला असेल तर नवल नाही. मात्र एकदा कोणी दाखवून दिल्यावर तो लपेना. बेळगावला बहिणीच्या दारात गाडी लावली तेव्हा आला, दुसऱ्या दिवशी बाजारातून परतल्यावर आला, आणि डिचोलीला घरी पोचून गेट उघडायला उतरले तेव्हा तर बॉनेट उघडायलाही नको इतका स्पष्ट आला.

त्यानंतरचे काही आठवडे सल्ल्यांचे होते. धाकट्या दिरांनी फोनवरच निदान केले, की ऑइल पातळ झाले आहे. कंपनीने सांगितलेले ५डब्ल्यू-३० सोडून जाड २०डब्ल्यू-५० भरा, गळतीही थांबेल. शाळेतले एक सहकारी म्हणाले, सायलेन्सरला प्लास्टिकची पिशवी चिकटली असणार, त्यांच्या गाडीला अगदी अस्सेच झाले होते. शेजाऱ्यांच्या मते सर्व्हिसिंगच्या वेळी ऑइल भरताना सांडले असेल, ते जळून गेले की वास आपोआप जाईल. यातले एकही कारण खोटे नाही. रस्त्यावरची पिशवी तापलेल्या सायलेन्सरला चिकटते आणि दिवसेंदिवस करपत राहते. सांडलेले ऑइल खरोखरच काही दिवस वास देते आणि मग काही न करता थांबते. पण माझ्या लक्षात आले की, प्रत्येक जण आपापल्या गाडीचा आजार मला देऊ पाहत होता, आणि माझ्या गाडीबद्दल मला एकही प्रश्न कोणी विचारला नव्हता. दुसरी गोष्ट अशी, की गाडी माझी, चालवते मी, वासही मलाच येतो, तरी हे सगळे सल्ले माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघून दिले जात होते. नवरा बिचारा बसने पणजीला जातो. त्याला ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, कुठे असते हेही ठाऊक नाही, आणि तो ते लपवतही नाही.

शेवटी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे वातानुकूलित खोलीत कॉफी मिळाली, तासाभराने एक छापील कागद मिळाला, आणि त्या कागदावर हाफ इंजिन काम सुचवले होते. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवायचे, व्हॉल्व्ह सील बदलायचे, रिंग-पिस्टन तपासायचे, म्हणजे गाडीच्या आजच्या किमतीचा एक मोठा तुकडा तिथेच ठेवून यायचा. "गाडी जुनी झाली, ऑइल खाणारच," असे काउंटरवरच्या मुलाने नवऱ्याला समजावले. दशकभर जुन्या गाडीबद्दल हे म्हणणे सहज खपून जाते. मला ते खपले नाही, कारण इंजिन ऑइल खात असेल तर ते आत जळते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर होऊन बाहेर पडते, एवढे मला माहीत होते. आणि माझ्या गाडीचा धूर मी आरशात कितीही वेळा पाहिला तरी निळा दिसला नव्हता.

मग मेस्त्रीकडे गेले.

साखळी शहराच्या बाहेर, रस्त्याला लागून, चिऱ्याच्या तीन भिंती आणि वर पत्रे असे त्याचे गॅरेज आहे. पाटी नाही. मेस्त्रीचे आयुष्य लोहखनिजाच्या खाणींच्या ट्रकांवर गेले. माझे माहेर याच पट्ट्यातले, त्यामुळे तो काळ मलाही आठवतो: खाणींवरून आमोण्याच्या आणि सारमानसच्या नदीवरच्या धक्क्यांकडे जाणारी ट्रकांची न तुटणारी रांग, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी तांबडी धूळ, आणि शाळेतून येताना रस्त्याच्या कडेला बॉनेट वर करून थांबलेल्या ट्रकांपाशी येणारा डिझेलचा आणि तापलेल्या तेलाचा वास. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे काही काळ सुरू झाल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहून गंजले, हप्ते थकले, आणि ट्रकांवर जगणाऱ्या गॅरेजांपैकी कितीतरी मिटली. मेस्त्री टिकला तो छोट्या गाड्यांकडे वळल्यामुळे. तो म्हणतो की ट्रकाने त्याला एक गोष्ट शिकवली: ट्रक उभा राहिला की मालकाचे दर तासाला नुकसान होते, तेव्हा पाना हातात घेण्याआधी डोके वापरावे लागते, कारण चुकीची जागा उघडण्यात गेलेला वेळ कोणी भरून देत नाही. तो बोलका मुळीच नाही. हे वाक्यही मी वेगवेगळ्या दिवशी ऐकलेल्या तुकड्यांतून जुळवले आहे.

त्याने आधी विचारले, "गाडी कोण चालवतं?" मी चालवते, असे म्हटल्यावर त्याने नवऱ्याला बसायला स्टूल दिले आणि माझ्याकडे वळला. "वास केव्हा येतो, बाई?" आजवर सगळ्यांनी वास कशाचा आहे हे मला सांगितले होते, केव्हा येतो, हे पहिल्यांदाच कोणी विचारत होते. चालताना येतो की थांबल्यावर? सपाटीवर की चढ चढून आल्यावर? सकाळी पहिल्यांदा सुरू करताना मागून निळ्या धुराचा झोत निघतो का? एसीचे बटण बाहेरच्या हवेवर असताना येतो की आतल्या? वासाला कधी गोडसर झाक असते का? वासाबरोबर डोके दुखते, गुंगी येते, असे होते का? दोन सर्व्हिसिंगच्या मधे किती ऑइल वर घालावे लागते? मी एकेक उत्तर देत गेले आणि देता देता माझ्या लक्षात आले की उत्तरे माझ्यापाशी होती, फक्त ती एका ओळीत कधी मांडली गेली नव्हती. रस्ता मोकळा असताना वास येत नाही. सिग्नलला थांबले की येतो, चढानंतर थांबले की जास्त येतो. एसीत आतली हवा फिरवण्याचे बटण दाबले की जवळजवळ नाहीसा होतो. सकाळी धूर नाही. गोडसर झाक नाही. डोके दुखत नाही.

त्याने मला हे सगळे समजावून सांगितले नाही; नंतर काम चालू असताना मी खोदून खोदून विचारले तेव्हा त्याने तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. सकाळी सुरू करताना निळा झोत निघतो तो व्हॉल्व्ह सीलमधून रात्रभर आत झिरपलेल्या ऑइलचा. गाडी दामटल्यावर निळा धूर निघतो तो घासलेल्या रिंगांचा. दोन्ही नसतील तर हेड उतरवायचे कारण काय? गोडसर वास कूलंटचा, म्हणजे मग रेडिएटर, होजपाइप, हीटर बघायचा. वायरिंग जळते तेव्हा प्लास्टिकचा तिखट वास येतो आणि त्याला उद्यापर्यंतची सवड नसते, गाडी तिथल्या तिथे बंद करायची. क्लचचा आणि ब्रेकचा वास घर्षणाचा, कारण संपले की थोड्या वेळात विरतो. घाट उतरून केरीला पोचलेल्या गाड्यांच्या चाकांपाशी तो नेहमी येतो, आणि तो टाळायचा असेल तर उतारावर खालचा गिअर वापरावा, सारखा ब्रेकवर पाय ठेवू नये. राहिला तेलाचा. इंजिनाच्या बाहेरच्या अंगाने ओघळून ते तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांवर, पडत असेल तर धावत्या गाडीत खालून जाणारा वारा तो धूर मागे ओढून नेतो, आणि आत बसलेल्याला काही कळत नाही. गाडी थांबली की वारा थांबतो, उष्णता वर चढते, आणि काचेच्या खालच्या जाळीतून एसी बाहेरची हवा ओढतो तीत तो धूर मिसळतो. म्हणजे थांबल्यावर येणारा आणि आतल्या हवेच्या बटणाने जाणारा वास स्वतःचा पत्ताच सांगत असतो: वर, मागच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या डोक्यावर.

डोकेदुखीचा प्रश्न मात्र वेगळ्या कारणासाठी होता. मॅनिफोल्डच्या सांध्यातली पॅकिंग फुटली तर इंजिनाचा धूर त्याच जाळीतून आत येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो. तेलाचा वास येतो हे म्हणजे एका अर्थाने नशीबच, असे मेस्त्री म्हणाला, आणि त्याने आधी मॅनिफोल्डच्या सांध्यांवर काजळीचे पट्टे आहेत का हे बॅटरीच्या उजेडात नीट तपासले. नव्हते. तेलाचा धोका निराळा. इंजिन ऑइलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, २०० अंश सेल्सिअसच्या वर असतो, आणि घाट चढून आलेल्या गाडीचे मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पलीकडे तापलेले असते. थेंब पडला की बहुतेकदा तो नुसता धुरावतो. बहुतेकदा या शब्दावर तो क्षणभर थांबला आणि मग पुढे बोलला नाही.

बॉनेट उघडल्यावर मला वाटले होते की आता तो बोट ठेवून जागा दाखवील. त्याने बोट ठेवले, ते काळे झाले, त्याने ते बनियनच्या चिंधीला पुसले आणि सांगितले की आज काहीही उघडायचे नाही. सगळ्या इंजिनावर तेल आणि घाटातली धूळ यांचा राप बसला होता. तेल खाली ओघळते आणि धावत्या वाऱ्याने मागे सरकते, त्यामुळे जिथे सर्वांत जास्त ओले दिसते ती जागा गळतीची नसते. जिथे सर्वांत उंचावर ओले असते तिथे शोधायचे. आणि उंचावरचे ओले दिसायचे तर आधी सगळे स्वच्छ असायला हवे. मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी ऑइलमध्ये चमकणारा रंग घालून अतिनील दिव्याखाली बघतात. मेस्त्रीकडे टाल्कम पावडरचा डबा होता.

धुण्याचे काम त्याच्या पोऱ्याने केले. अल्टरनेटरवर आणि कॉइलच्या प्लगांवर पॉलिथीन बांधले, रॉकेलमध्ये ब्रश बुडवून कोपरान् कोपरा घासला, आणि वाऱ्याच्या नळीने सुकवला. पाण्याचा जोरदार फवारा मारायला मेस्त्रीची बंदी आहे. वायरींच्या जोडांत पाणी शिरले की नवीनच दुखणी उभी राहतात. खाली ट्रे होता, ट्रेच्या भोवती लाकडाचा भुसा पसरला होता, तरी त्यातले काही चिऱ्यांच्या फटीतून बाहेर गेलेच, आणि तेवढ्यात आलेल्या पावसाच्या सरीने ते रस्त्याकडेच्या गटारात नेले. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग उमटला. ते गटार शेवटी वाळवंटी नदीकडेच जाते. वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे, आणि मेस्त्रीच्या मागच्या भिंतीशी त्यासाठी पिंप आहे हेही खरे. पण सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला म्हणून लोक कॅन घेऊन येतात आणि त्यांना तो नाही म्हणत नाही. माझ्या गाडीची गळती शोधताना झालेली ही दुसरी गळती मी उभी राहून पाहिली. ती माझ्याच कामाची होती आणि तिच्याबद्दल मी त्या वेळी काही बोलले नाही, आणि आज लिहितानाही मला त्याबद्दल स्वस्थ वाटत नाही.

दुपारी ऊन पडल्यावर त्याने इंजिनाच्या वरच्या आणि मागच्या बाजूला पावडर फुंकली. इंजिनाला लहान मुलाचा वास येऊ लागला. मग मला केरीच्या पुढे घाटाची पहिली वळणे चढून परत यायला सांगितले, आणि वाटेत थांबू नका, असे बजावले. परत आले तेव्हा तो बॅटरी आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन तयार होता. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून, जिथून हात घालायलाही जागा नाही अशा ठिकाणाहून, एक करडी, ओली रेघ निघाली होती. पांढऱ्या पावडरीवरून ती तिरकी खाली उतरली होती आणि मॅनिफोल्डच्या पत्र्याच्या कडेशी येऊन संपली होती. पुढे तिला जळायचेच होते. आरशात ती उलटी दिसत होती, म्हणून मी मान वाकडी करून पाहिली. बोटाच्या पेराएवढ्या रुंदीची एक रेघ. हाफ इंजिनाचा छापील कागद तोवर माझ्या पर्समध्येच होता.

दुसऱ्या दिवशी कव्हर उघडले. कॉइल काढल्या, होज सोडवले, छोट्या गोटी-पान्याने बोल्ट ढिले केले. कव्हर जागचे हलेना. पोऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर फटीत घालायला घेतला तेव्हा मेस्त्रीने पहिल्यांदा आवाज चढवला: अ‍ॅल्युमिनियमला चरा पडला की तिथून आयुष्यभर गळेल. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकत त्याने ते सोडवले. कव्हरच्या बाहेरून, सांध्यावर, कोणीतरी पूर्वीच्या एखाद्या सर्व्हिसिंगमध्ये काळे सिलिकॉन लिंपून ठेवले होते. मेस्त्री ते नखाने ओढत गेला आणि त्याच्या वाद्या निघत गेल्या. "बाहेरून चुना लावून गळती थांबते होय," एवढेच तो म्हणाला. हेच सिलिकॉन आतल्या बाजूला जास्त झाले, तर त्याचे तुकडे सुटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. मग इंजिनाला ऑइलच मिळत नाही. गळती थांबवण्याच्या नादात इंजिन गेल्याच्या गोष्टी त्याच्यापाशी होत्या, पण त्या ट्रकांच्या होत्या आणि लांब होत्या.

खाचेतून जुनी पॅकिंग निघाली ती मी मागून घेतली. रबराची असून तिला रबरपण उरले नव्हते. गोल असायला हवी ती चपटी, चौकोनी झाली होती, आणि दोन बोटांत वाकवली तर कट्‌ असा आवाज होऊन तुटली. उष्णतेने रबर कडक होते, कडक झाले की दबत नाही, आणि दबले नाही की फट भरत नाही. यात कोणाचा दोष नाही. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या विहिरीतही थोडे ऑइल साचले होते, म्हणून त्या नळ्यांची सीलही बदलली. ते तसेच राहिले असते तर काही दिवसांनी गाडी झटके देऊ लागली असती, आणि मग कोणीतरी कॉइल बदलायला सांगितले असते.

मी समजले, काम झाले. मेस्त्री मात्र ऑइल भरायच्या टोपणाची आतली बाजू न्याहाळत होता. तिथे ताकावर लोणी यावे तसा पांढरट, फेसाळ थर होता. रोज किती लांब जाता, असे त्याने विचारले. घर ते शाळा, शाळा ते बाजार. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते. आपल्याकडच्या दमट हवेत, तेही पावसाळ्यात, इंजिनाच्या आत पाण्याची वाफ साचते आणि लांबचा प्रवास झाला नाही तर ती निघून जात नाही, ऑइलमध्ये घुसळली जाते. हाच राडा ब्रीदरच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये बसतो. पिस्टनच्या कडेने थोडा दाबाचा वायू खाली निसटतच असतो. त्याला बाहेर वाट करून द्यायचे काम या व्हॉल्व्हचे. त्याने तो काढून माझ्या कानाजवळ हलवला. आतली गोळी खुळखुळायला हवी. आवाज नव्हता. वाट बंद झाल्यावर आतला दाब जिथे जागा मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो, आणि कडक झालेली पॅकिंग ही सर्वांत सोपी जागा. नुसती पॅकिंग बदलली असती तर वास थांबला असता, नाही असे नाही, पण काही महिन्यांनी पुन्हा आला असता, आणि मग दोष नव्या पॅकिंगवर गेला असता. दिरांचे जाड ऑइल या दोन्ही गोष्टींचे काहीच करू शकले नसते.

कव्हर परत बसवताना मात्र मी नवऱ्याला स्टुलावरून उठवून जवळ बोलावले, कारण ते बघण्याजोगे होते. खाच पुसून कोरडी केली, नवी पॅकिंग अंगठ्याने दाबत दाबत तीत बसवली, आणि जिथे हेडला चेनचे कव्हर मिळते त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा फक्त एकेक ठिपका दिला. बोल्ट आधी सगळे हातानेच टेकवले. मग मधून बाहेर, एक इकडचा, एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळत गेला. त्याने छोटा रॅचेट दांड्याला न धरता डोक्यापाशी, मानेशी धरला होता, म्हणजे ठरवले तरी जोर लागू नये. या बोल्टांना १० न्यूटन मीटरच्या आसपास जोर पुरतो. गळती थांबावी म्हणून जास्त आवळले की पॅकिंग पिळवटते, कव्हर वाकते आणि गळती वाढते. टॉर्क रेंच त्याच्याकडे आहे. शेवटी त्याने प्रत्येक बोल्टला तो लावून पाहिला, आणि रेंचने प्रत्येक ठिकाणी टक्‌ केले तेव्हा पोऱ्याकडे एकदा पाहून घेतले. पॅकिंग, सील आणि व्हॉल्व्ह धरून बिल इतके झाले, की कॉफीच्या वर्कशॉपमध्ये त्यात बहुधा हेड उतरवायची मजुरीसुद्धा भागली नसती.

निघताना त्याने सांगितले होते की अजून काही दिवस वास येईल, घाबरू नका. मॅनिफोल्डच्या पत्र्याखाली जे ऑइल आधीच मुरले आहे ते जळून संपायला हवे. हे मला पटले होते, तरी पुढचे दिवस विचित्र गेले. शाळेच्या फाटकात गाडी थांबली की मी आधी नाक पुढे करायचे. म्हापशाला गेले, तर दर सिग्नलला काच खाली. पुढच्या टेम्पोचा धूर, रस्त्याकडेच्या भजीच्या कढया, पावसाने भिजलेला डांबरी रस्ता, सगळ्यात मला माझे इंजिन दिसू लागले. ज्या नाकाला आधी काहीच कळत नव्हते, ते आता नको तितके कळवू लागले होते, आणि दोन्ही परिस्थितींत खरे काय आहे ते कळण्याचा मार्ग एकच होता: डिपस्टिक. सपाट जागा, इंजिन बंद करून काही मिनिटांची वाट, पट्टी काढून पुसायची, पुन्हा घालून काढायची, आणि दोन खुणांच्या मधे ऑइल कुठवर आहे ते बघायचे. त्या दोन खुणांत साधारण एक लिटरचे अंतर असते. रेघ हलत नव्हती. वास मात्र पाऊस चांगला लागेपर्यंत रेंगाळला आणि केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही.

मेस्त्रीने खालून बघताना आणखी एक गोष्ट दाखवली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यापाशी थोडा ओलावा आहे. क्रँकचे मागचे सील घाम धरते आहे. थेंब पडत नाही, नुसते पाझरते, आणि ब्रीदरची वाट मोकळी झाल्यावर कदाचित तेही कमी होईल. ते बदलायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढ्या ओलाव्यासाठी तो खटाटोप करू नये, क्लचप्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरेलच, त्याच मजुरीत सीलही बदलून घ्यावे, असे त्याचे मत आहे आणि माझेही. नवऱ्याला हे मान्य नाही. टॉर्क रेंचचा टक्‌ आवाज ऐकल्यापासून त्याला यंत्रांत रस आला आहे, आणि दोष माहीत असताना तो ठेवून घेणे त्याच्या बुद्धीला पटत नाही. आमच्यात तडजोड अशी झाली, की रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा आणि सकाळी तो तपासायचा. हे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. परवा त्याने मला घाईघाईने बाहेर बोलावून पुठ्ठ्यावरचा ओला डाग दाखवला. मी बोट लावून वास घेतला. एसीचे पाणी होते.